बापसाच्या डोळ्यातली कोर

ठाणे, ६ ऑगस्ट १८८७

सुमती,

ओळखलंस का? शाळेत खिडकीखालच्या चटईवर तुझ्यापासून हातभर लांब बसायची ती मॅग्डलीन. खाडीवरच्या किरिस्ताव आळीतली. पंतोजी वाचायला उठवायचे आणि माझ्या तोंडातून आवाजच यायचा नाही, मग तू खालमानेने पुढचा शब्द सांगायचीस. तिसरीत शाळा सुटली. आय गेली, मग घर आणि जाळी कोण बघणार. अक्षर तेव्हाचंच आहे. हसू नको.

तुझे दादा कल्याणच्या दवाखान्यात डाक्तर म्हणून गेले हे माहीत होतं म्हणून लिहिते. समोर येऊन विचारायला मला जमलं नसतं.

बापसाचा डोळा गेला. म्हणजे जातोय. महिना झाला, जाळ्यातून मासा सोडवताना शिंगाल्याचा काटा उजव्या डोळ्यात बसला. डावा डोळा तर माझ्या जन्माच्या आधीच गेलेला, बावीस वर्षांचा होता तेव्हा देवी आलेल्या त्यात. तो पांढराच आहे, आम्ही त्याला डोळा धरतच नाही. म्हणजे हा एकच होता, आणि आता यावर पण पांढरं चढतंय. उजेड कळतो, माणूस कळत नाही. काल स्वतःचं ताट समजून माझ्या ताटात जेवला. मी काय बोलली नाही, नंतर पेज पिली.

काका अल्फान्सो, बापसाचा थोरला भाऊ, मचव्याचा तांडेल, तो बोलतो आपल्यातलं औषध चालू आहे, उतार पडेल. पडत नाही. दादांकडे काय थेंब असतील तर टपालाने येतात का?

मॅग्डलीन


कल्याण, ११ ऑगस्ट

प्रिय मॅग्डलीन,

तुझं अक्षर बघूनच ओळखलं. तू अजून 'ळ' उलटा काढतेस.

थेंब टपालाने येत नाहीत. डोळा बघितल्याशिवाय कोणी देणारही नाही. पण मी दादांना विचारून लिहिते आहे, नीट वाच. ते मुंबईला मराठी वर्गात वैद्यकी शिकले तेव्हाच्या त्यांच्या वह्या घरात आहेत, त्यांतही पाहिलं.

डोळ्याच्या काळ्या भागावर, अगदी पुढे, घड्याळाच्या काचेसारखं एक फुगीर झाकण असतं. आपण त्याच्यातून बघतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही. वहीत त्याला कॉर्निया लिहिलंय, आणि बाजूला, म्हणजे शिंगासारखा पडदा. शिंग घासून घासून पातळ केलं की पलीकडचं दिसतं ना, तसा. जाडी नखाएवढी, आणि तेवढ्यात पाच थर. वरचा सालीसारखा, खरचटला तर दोन दिवसांत परत येतो. त्याच्याखाली एक पातळ, घट्ट थर. मधला सगळ्यात जाड, बारीक तंतूंचे पापुद्रे एकावर एक रचलेले. मग आणखी दोन नाजूक. आणि या सगळ्यात रक्ताची एकसुद्धा शीर नाही. शिरा असत्या तर त्याच मधे आल्या असत्या. आतलं पाणी आणि कडेच्या शिरा यांतून जे झिरपतं त्यावर तो जगतो.

आता महत्त्वाचं. जखम त्या घट्ट थराच्या खाली गेली की भरून येते, पण येते ती पांढरी. म्हणून त्या डोळ्यात बाहेरचं काहीही घालायचं नाही. काहीही. 'आपल्यातलं औषध' म्हणजे काय ते तू लिहिलं नाहीस. लिही, नाव घालून.

आणि एक काम कर. बापसाला अंधाऱ्या खोलीत बसव, मेणबत्ती धर आणि डोळ्यावर ज्योतीचं प्रतिबिंब कसं पडतं ते बघ. झाकण नितळ असेल तिथे ज्योत बारीक आणि अख्खी दिसेल. खराब असेल तिथे फुटेल. गोल काढून त्यात खूण कर. दोन्ही डोळ्यांचं कर.

तुझी सुमती


ठाणे, १७ ऑगस्ट

सुमती,

केलं. बापूस बोलला, मी काय मढं आहे का मेणबत्ती धरायला. मग बसला. मी इतकी जवळ गेली की माझा पदर ज्योतीत गेला आणि पैशाएवढं भोक पडलं. त्याला वास आला, त्याने विचारलं काय जळलं, मी बोलली वात.

चित्र मागे काढलंय. उजव्या डोळ्यात मधोमध पांढरं, ओल्या खोबऱ्यासारखं. तिथे ज्योत पसरते, चुलीच्या धुरात दिसते तशी. कडेला सगळीकडून लाल दोरे आत सरकलेत. तू लिहिलंस शीर नसते. याच्यात आहेत, मोजता येत नाहीत इतक्या.

डाव्या डोळ्यात जुनं पांढरं, जवळजवळ सगळ्यावर. लाल काय नाही, थंड आहे तो. फक्त नाकाच्या बाजूला खाली एक पट्टी उरलीय, अंगठ्याच्या नखावर कोर असते तेवढी. तिथे ज्योत अख्खी दिसली. एवढीशी, पण टोकापासून बुडापर्यंत. तू सांगितलंस म्हणून लिहिलं, नाहीतर त्या डोळ्याचं काय.

आमच्या आळीत एका जुन्या घराला फिरंग्यांच्या वेळची शिंपल्याची तावदानं आहेत. आत उजेड येतो पण बाहेर कोण चाललंय ते कळत नाही. बापूस बोलला आता मला सगळं तसं दिसतं.

एक विचारते. बापूस नांगर सोडवायला पाण्यात उतरायचा तेव्हा बोलायचा, चांगल्या डोळ्याने पण खाली सगळं फिसकटलेलं दिसतं. मासा मात्र मला बघून बाजूला होतो. असं का?

औषध बोलशील तर गुलाबपाणी. बाकी काय नाही.

मॅग्डलीन


कल्याण, २५ ऑगस्ट

प्रिय मॅग्डलीन,

घरात गणपती, पाहुणे, आणि मी माळ्यावर वह्या घेऊन बसले होते. आईने दोनदा हाका मारल्या.

तुझ्या प्रश्नाने मला कामाला लावलं. उत्तर असं. उजेड हवेतून त्या फुगीर झाकणावर पडतो तेव्हाच सगळ्यात जास्त वाकतो. आत भिंग आहे, पण मोठं काम पुढच्या झाकणाचं. डोळ्यासमोर हवा असेल तरच ते वाकणं होतं. पाण्यात बुडलं की बाहेरही पाणी, आतही पाणी, उजेड सरळ निघून जातो आणि चित्र जुळत नाही. माशाच्या आतलं भिंग गोटीसारखं गोल असतं, त्याला झाकणाची गरज पडत नाही. म्हणजे त्याचा डोळा पाण्यासाठी, आपला हवेसाठी.

आणि झाकण नितळ का, तर ते तंतू एका मापात, रांगेत असतात म्हणून. तू जाळं विणतेस तसं. जाळं ताणून उन्हात धरलं की पलीकडची खाडी दिसते. तेच जाळं गोळा होऊन गुंतलं तर ढीग दिसतो, खाडी नाही. सूत तेवढंच. डाग म्हणजे गुंतलेलं जाळं. ते कोणी सोडवू शकत नाही. कोणी 'पांढरं काढतो' म्हणाला तर तो खोटं बोलतो.

पण ती कोर. मॅग्डलीन, तुझं चित्र मी पंचवीस वेळा पाहिलं. डाव्या डोळ्याची कोर नितळ आहे. वहीत लिहिलंय, मधलं झाकण डागाळलं आणि कडेला थोडं नितळ उरलं असेल तर डॉक्टर आतल्या काळ्या पडद्याला त्या नितळ जागेच्या मागे एक खाच पाडतात. उजेड मधल्या बंद दारातून जात नाही, तर बाजूला झरोका करून द्यायचा. मात्र मागचा भाग जिवंत हवा. ते असं बघायचं: उजव्या डोळ्यावर जाड पट्टी बांध आणि मेणबत्ती डाव्याच्या समोर वर, खाली, इकडे, तिकडे धर. बापसाने बोट दाखवायचं, उजेड कुठून येतो. त्याला आधी काही सांगू नकोस.

आता दुसरं. लाल दोरे गुलाबपाण्याने येत नाहीत. तू शाळेतही खोटं बोलताना असंच तोडून बोलायचीस.

सुमती


ठाणे, १३ सप्टेंबर

सुमती,

खरं लिहिते.

जिताड्याचं पित्त. आमच्यात चालत आलंय. पाद्री पीठावरून गोष्ट सांगतात, पोराने बापाच्या डोळ्यावरचं पांढरं माशाच्या पित्ताने काढलं. म्हणून आळीत डोळा दुखला की मासा चिरतात. आणि लावणारा हात पोटच्या पोराचा लागतो, लग्न न झालेल्या. दुसऱ्या कोणी लावलं तर लागू पडत नाही. बापसाला पोरगा नाही. मी आहे.

मी लावलं. माझ्या बोटाने. पहिल्यांदा जुलैत. तेव्हा डोळा लाल होता पण तो मला बघायचा. बापसाने चटई मुठीत धरली, आवाज काढला नाही. दुसऱ्या दिवशी पांढरं दिसलं. काका बोलला, आतलं बाहेर येतंय, चांगलं आहे.

दुसऱ्यांदा चौदा ऑगस्टला. तुझं पत्र तेव्हा आलेलं होतं, काहीही घालू नको लिहिलेलं. ते माझ्या पोलक्यात होतं आणि मी लावलं. कारण नाही बोलायला तोंड उघडावं लागतं आणि खोलीत सहा माणसं होती. हे वाचून तू मला पुढे लिहिलं नाहीस तरी चालेल.

मग तुझं जाळ्याचं पत्र आलं. मी मेणबत्तीचं केलं. बापसाने बारा वेळा बोट दाखवलं, बारा वेळा बरोबर. शेवटी वैतागला, बोलला ही कसली शाळा काढलीस. मी त्याला काय सांगितलं नाही, पण मला झोप लागली नाही.

आठ तारखेला मरियेचा सण. नवीन भाताच्या लोंब्या देवळात नेतात, सगळी आळी बाहेर असते. दुपारी काका अल्फान्सो शिंपलीत पित्त घेऊन आला. तिसरी वेळ पुरी झाली पाहिजे, आणि या वेळी दोन्ही डोळ्यांत, बोलला, डाव्याचं पण बघू या. ओटीवर पंधरा माणसं तरी. बापूस भिंतीला टेकून बसला, तोंड वर केलं. काकाने शिंपली माझ्या हातात दिली.

मी ती अंगणात उलटी केली. मांजर आलं, हुंगून निघून गेलं.

काका बोलला, दुसरी आणतो. मी बोलली, आण. हात माझा लागतो ना? तो मी देत नाही.

सुमती, माझा आवाज होता तो. मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. काका बोलला, तोंड फुटलं काय गं तुला, पाद्रीपेक्षा शहाणी झालीस, गोष्टीत लागू पडलं ते खोटं का. मी बोलली, त्या गोष्टीत पोराबरोबर देवदूत होता. आपल्याकडे तू आहेस.

पाठीमागे कोणीतरी हसलं. काका गेला तो मचव्यावर जाऊन बसला. निघताना बोलला, भाऊ आंधळा झाला तर हिच्या हाताने झाला, सगळे साक्षी राहा. ते लागलं मला. कारण ते अर्धं खरं आहे.

बापूस तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्या हातचं जेवला पण नाही, शेजारून भाकर मागवली. चौथ्या दिवशी, काल, स्वतःच पट्टी बांधून बसला आणि बोलला मेणबत्ती आण. मी आणली. वर धरली, खाली धरली, त्याने दाखवलं. मग बोलला, तू उजेड कुठे नेतेस ते या मेलेल्या डोळ्याला कळतं. मग हा मेलाय असं वीस वर्षं मला कोणी सांगितलं? कुठे जायचंय ते सांग.

म्हणून विचारते. कुठे जायचं?

मॅग्डलीन


कल्याण, १८ सप्टेंबर

प्रिय मॅग्डलीन,

पुढे लिहिणार नाही असं तुला वाटलंच कसं. आता माझंही ऐक.

'दादांना विचारून लिहिते' असं मी लिहीत होते ते खोटं. दादांना काही माहीत नव्हतं. वह्या मी माळ्यावर चोरून वाचत होते, निम्मं समजत होतं, निम्मं जुळवत होते. तुझ्या बापसाचा डोळा मी माझ्या अंदाजावर पणाला लावला होता. तुझं पत्र आलं ते दादांच्या हातात पडलं. त्यांनी वाचलं, आणि आधीची सगळी मागितली. एवढं चिडलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाले, माझ्या नावाने औषधं सांगतेस, उद्या माणूस आंधळा झाला तर? मी म्हटलं, तो आंधळा होतच होता, दादा, आणि त्याच्याकडे विचारायला दुसरं कोणी नव्हतं. उलट बोलण्याची मला सवय नाही. तुझी लागण झाली असेल.

ते आत गेले. तासाभराने बाहेर आले तेव्हा तुझं चित्र हातात होतं. विचारलं, ही मुलगी किती शिकली आहे? मी म्हटलं, तीन इयत्ता. ते म्हणाले, माझ्या वर्गातल्या निम्म्यांना असं काढता आलं नसतं.

तर असं ठरलं. मुंबईहून डोळ्यांचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा इथे येतात, आता ते सहा ऑक्टोबरला येतील. त्याच्या आठ दिवस आधी बापसाला घेऊन ये. उजव्या डोळ्याला दादा थेंब देऊन आधी तो शांत करतील. तो डोळा बहुतेक शिंपल्याच्या तावदानासारखाच राहील, हे ऐकून ये. खाच पाडायची ती डाव्याला. त्यातही खात्री नाही, दहातल्या तिघांना काहीच मिळत नाही. हे बापसाला खरं खरं सांग.

मी नसेन. सासरहून बोलावणं आलंय, मंगळवारी पुण्याला निघते. पत्रं दादांकडे पाठव, ते आपल्या पत्रात घालून देतील.

सुमती


ठाणे, २१ ऑक्टोबर

सुमती,

दहातले तिघे मी बापसाला सांगितले. तो बोलला, खाडीत पण तेवढेच बुडतात.

काका स्टेशनापर्यंत मागे आला. चाकू लावतील, बोलला, डोळा काढून बाटलीत ठेवतात तिकडे. बापूस बोलला, ठेवू दे, तुला बाटली दिसेल तरी. गाडीत मी एक शब्द बोलली नाही. पण दवाखान्याच्या पायरीवर तुझे दादा आले आणि माझ्याकडे बघून विचारलं, चित्र काढणारी तूच का, तेव्हा हो बोलली, आणि ते त्यांना ऐकू गेलं.

आठ दिवस आम्ही दवाखान्याच्या पडवीत राहिलो. दादा दिवसातून तीनदा थेंब घालायचे, गरम पाण्याचा शेक मी द्यायची. लाल दोरे आखडले. पांढरं तसंच.

डाक्तर सहाला आले. नवीन औषध आहे त्यांच्याकडे, दोन थेंब टाकले की डोळा बधिर होतो, माणूस जागाच राहतो. दार उघडं होतं, मी बाहेर उभी. बापूस बोलत सुटला. कुठल्या महिन्यात कुठला मासा कुठे मिळतो ते सगळं डाक्तरला सांगितलं. डाक्तर बोलले, तोंड बंद ठेव नाहीतर चाकू हलेल. तो गप झाला तेव्हा मला खरी भीती वाटली. मी उंबरठा धरून ठेवला होता, नंतर बोटांत कुसळं निघाली.

पाच दिवस दोन्ही डोळे बांधलेले. सहाव्या दिवशी दादांनी पट्टी सोडली. खोलीत पडदे ओढलेले. त्या डोळ्याच्या काळ्यात आता नाकाकडे खाली एक खाच आहे, कुलपाच्या भोकासारखी, बरोबर माझ्या कोरीच्या मागे. बापूस सरळ बघत होता, नजर कुठेच ठरत नव्हती. मी मनात बोलली, तिघांतला निघाला. मग दादा बोलले, मान थोडी फिरव. त्याने हनुवटी वर करून मान बाजूला नेली, कोंबडी दाणा बघते तशी.

आणि माझ्याकडे बघत राहिला. मग बोलला, मगदल, तुझ्या पदराला भोक कसं पडलं?

मी बोलली, वात.

मॅग्डलीन


पुणे, ९ नोव्हेंबर

प्रिय मॅग्डलीन,

तुझं पत्र दादांच्या पत्रात घडी करून आलं. इथे पत्र सगळ्यांसमोर वाचावं लागतं. मी दादांचं वाचून दाखवलं, तुझं पानाखाली धरलं. मग विहिरीवर जाऊन वाचलं आणि भोकाशी आले तेव्हा कळशी तशीच राहिली.

इथे वही नाही, पुस्तक नाही. सासूबाई म्हणतात, वाचून डोळे जातात. मी म्हटलं, डोळे कशाने जातात ते मला माहीत आहे. दोन दिवस कोणी बोललं नाही माझ्याशी. पण घरात एक म्हातारी आत्या आहेत, त्यांना दिसत नाही, कोपऱ्यात बसवून ठेवलंय. काल सगळे जेवायला बसले असताना मी निरांजन घेऊन गेले. त्यांच्या डोळ्यावर ज्योत अख्खी दिसते, दोन्हीकडे. झाकण स्वच्छ आहे. पांढरं मागे आहे, भिंगात. म्हणजे मोतीबिंदू, आणि तो निघतो. आज मामंजींना सांगणार आहे. पंधरा माणसांसमोर नाही, पण सांगणार आहे.

आळीत काय म्हणतात ते कळव.

सुमती


ठाणे, १४ डिसेंबर

सुमती,

आळीत काय म्हणतात ते काल झालं.

काल सांत लुझीचा दिवस, ती आमची डोळ्यांची संतीण. ज्याचा डोळा बरा झाला तो मेणाचे डोळे करून तिच्या पायाशी ठेवतो. मेणबत्त्या करणाऱ्या रोजा बायकडे साचा आहे, सगळे डोळे एकसारखे निघतात, गोल, मधे काळा टिपका.

काकाने आधीच दोन आणून ठेवलेले. तो आता सगळीकडे सांगत सुटलाय की पित्ताने आतून काम केलं, डाक्तरने फक्त पट्टी सोडली. लोक मान हलवतात. त्याचं ऐकून शेजारच्या दोन पोरांच्या डोळ्यांत या महिन्यात पित्त घातलं. एकाचा पांढरा झालाय. म्हणून मी गप बसणार नव्हती.

मी रोजा बायकडून एकच डोळा घेतला. घरी जाळ्याची सुई तापवली आणि काळ्या टिपक्यापासून नाकाच्या बाजूला खाली एक खाच पाडली, काजळ भरलं. रोजा बाय बोलली, डोळा असा असतो काय? मी बोलली, बापसाचा असतो, ये बघायला.

देवळात रांग होती. माझी पाळी आली तेव्हा देवळाचा मिस्त्री, जो डोळे घेऊन मांडतो, त्याने तो उलटासुलटा केला आणि परत दिला. मोडका चालत नाही, बोलला. मागनं काका बोलला, आणि एकच का, दोन दे, मी आणलेत ते दे. सगळे वळले. पण मी हात मागे घेतला नाही.

मी बोलली, मोडका नाही, केलेला आहे. एकच, कारण एकाच डोळ्याने दिसतं. दुसरा मी घालवला, माझ्या बोटाने, पित्त घालून. पांढरं पित्ताने निघत नाही, पांढरं पित्ताने चढतं. ज्यांच्या घरात आता डोळा दुखतोय त्यांनी माझं बोट बघा आणि मग काय ते करा.

देवळात इतकं मी आजवर बोलली नव्हती, पापनिवेदनात पण नाही. काका बोलला, पोरगी देवासमोर काहीपण बोलते, माझ्या भावाला, इनासला विचारा, खरंच दिसतं का त्याला, मान वाकडी करून सोंग करतो. मिस्त्री बापसाकडे वळला.

बापूस पुढे आला. मान बाजूला, हनुवटी वर, त्या खाचेतून मिस्त्रीला खालून वरपर्यंत न्याहाळलं. बोलला, तुमच्या झग्याचं तिसरं बटण तुटलंय. आणि चौथ्याला लाल दोरा लावलाय, बाकीच्यांना काळा.

मिस्त्रीने खाली बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं.

त्याने माझ्या हातातून डोळा घेतला आणि मांडला. चाळीसेक गोल डोळे, मधे हा एक खाच पडलेला. काकाने आपले दोन उचलून खिशात टाकले, आणि बाहेर ऊन होतं, ते खिशात वितळले असणार.

निघताना रोजा बायने मला बाजूला घेतलं. तिच्या बहिणीच्या पोराचा डोळा लाल आहे, कालपासून, आणि घरात जिताडा आणून ठेवलाय. तू येशील का मेणबत्ती घेऊन, बोलली. मी बोलली, येते. पण आधी तो जिताडा आमटीत टाका.

आत्याबाईंचं काय झालं ते लिही. मामंजी नाही बोलले असतील तर परत सांग.

मॅग्डलीन